आधी रिकामा तक्ता आखा: अर्थशास्त्राच्या लघुप्रबंधासाठी संशोधन पद्धती

‘महाराष्ट्रातील कांदा उत्पादक शेतकऱ्यांच्या समस्यांचा चिकित्सक अभ्यास.’ एम.ए. किंवा एम.कॉम.च्या लघुप्रबंधांना अशी नावं सर्रास दिसतात. नाव भारदस्त आहे, पण त्यात प्रश्नच नाही. कोणत्या समस्या, कोणत्या काळातल्या, कोणाशी तुलना करून, आणि त्या वाढल्या की घटल्या हे कशावरून म्हणायचं, यातलं काही ठरलेलं नाही. मग पन्नास प्रश्नांची प्रश्नावली तयार होते, शंभर जणांकडून ती भरून घेतली जाते, प्रत्येक प्रश्नाचा एक पाय चार्ट निघतो, आणि तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न येतो: ‘यातून नेमकं कळलं काय?’

संशोधन पद्धती हा पेपर वर्गात शिकवला जातो तेव्हा तो प्रकारांच्या यादीनं येतो: संशोधनाचे प्रकार, नमुना निवडीचे प्रकार, चाचण्यांचे प्रकार. लघुप्रबंध करायला बसल्यावर ती यादी फारशी कामी येत नाही. तिथे एकच गोष्ट आधी करायची असते. माहिती गोळा करण्यापूर्वी, प्रश्नावलीचा पहिला शब्द लिहिण्यापूर्वी, आपल्या प्रश्नाचं उत्तर ज्या तक्त्यात मिळणार आहे तो तक्ता कोऱ्या कागदावर आखायचा. ओळींना नावं, स्तंभांना नावं, चौकटी रिकाम्या. प्रत्येक चौकटीत कोणता आकडा येणार, तो कुठून येणार, आणि तो मोठा आला तर काय म्हणायचं, लहान आला तर काय म्हणायचं, हे शेजारी लिहायचं. हा तक्ता आखता आला नाही, तर प्रश्न अजून तयार झालेला नाही असं खुशाल समजावं.

एक तक्ता आखून बघू

कांद्याचाच विषय घेऊ. प्रश्न असा धरा: कांद्याच्या निर्यातबंदीमुळे लासलगावचा भाव पडला का? केंद्र सरकारनं ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी लागू केली आणि ४ मे २०२४ रोजी ती उठवली. त्यामुळे पहिला रिकामा तक्ता सोपा वाटतो. एक ओळ, दोन स्तंभ: बंदीआधीचा सरासरी भाव, बंदीच्या काळातला सरासरी भाव. दोन्ही आकडे कृषी पणन मंडळाच्या किंवा अ‍ॅगमार्कनेट या केंद्र सरकारच्या बाजारभावांच्या संकेतस्थळावरून मिळतात. वजाबाकी केली की उत्तर हाती आलं, असं वाटतं.

आता त्या दोन चौकटींकडे नीट बघा. बंदीआधीचा काळ म्हणजे कोणता? १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं होतं. ऑक्टोबरच्या अखेरीस टनामागे ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य लागू झालं. म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर हा ‘आधीचा’ काळ धरला, तर तोही धोरणानं ढवळून निघालेलाच आहे. दुसरी अडचण हंगामाची. ऑक्टोबर-नोव्हेंबरात चाळीतला उन्हाळी कांदा संपत येतो आणि नवा लाल कांदा नुकता सुरू होत असतो, म्हणून भाव चढे असतात. डिसेंबरनंतर लाल आणि मग रांगडा कांदा भरभरून येतो आणि भाव उतरतात. बंदी नसती तरी भाव काही प्रमाणात उतरलेच असते. मग आपल्या वजाबाकीत बंदीचा वाटा किती आणि हंगामाचा किती? एका ओळीच्या तक्त्यात हे वेगळं करताच येत नाही.

म्हणून दुसरी ओळ हवी: आदल्या वर्षी याच महिन्यांत काय झालं? पण आदलं वर्ष म्हणजे २०२२-२३, आणि त्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये भाव इतके कोसळले होते की राज्य सरकारनं क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर केलं. ते वर्ष एकटं घेतलं तर तुलनेचा पायाच खचलेला. मग तीन-चार वर्षं घ्यावी लागतात आणि तक्ता पाच ओळींचा होतो. शिवाय आवकेचा स्तंभ लागतो, कारण भाव आवकेवरही हलतो.

एवढं झाल्यावर प्रश्नच बदलावा असं लक्षात येऊ शकतं, आणि तो बदलण्यात काही कमीपणा नाही. उदाहरणार्थ: बंदीच्या काळात लासलगावचा भाव आणि वाशीच्या बाजारातला घाऊक भाव यांतलं अंतर वाढलं की घटलं? हंगामाचा परिणाम दोन्ही बाजारांवर होतो, त्यामुळे अंतर काढलं की त्याचा बराचसा भाग आपोआप गळून जातो. या अंतरात वाहतूक, हमाली, तोलाई, आडत, घट आणि व्यापाऱ्याचा नफा असं सगळं मिसळलेलं असतं, म्हणून अंतराच्या आकड्याला ‘नफा’ म्हणता येणार नाही. वाशीला निवडक माल जातो, हेही ध्यानात ठेवायचं. पण अंतर किती बदललं, हे मात्र मोजता येतं. मोठ्या ‘परिणामा’च्या दाव्यापेक्षा हा प्रश्न लहान आहे, चार महिन्यांत पुरा होणारा आहे, आणि त्याचं उत्तर परीक्षकांसमोर ठामपणे सांगता येतं.

बाजारभावाचे आकडे उतरवून घेताना काही गोष्टी हमखास चुकतात. प्रत्येक दिवसाला किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. आपण सर्वसाधारण दर घ्यायचा आणि तसं लिहायचं. लाल आणि उन्हाळी हे वेगवेगळ्या ओळींत येतात, त्यांची सरसकट सरासरी काढली तर हंगाम बदलताना भाव उगीच उडी मारतो. लासलगाव आणि लासलगाव-विंचूर या वेगळ्या नोंदी आहेत. सुट्टीच्या आणि लिलाव बंद असलेल्या दिवशी भाव शून्य नसतो, भावच नसतो. ती चौकट रिकामी राहिली पाहिजे. किमान दर सर्वसाधारणपेक्षा जास्त दिसला, किंवा एखाद्या दिवशी १,८०० च्या जागी १८,००० दिसले, तर ती टंकलेखनाची चूक असू शकते. एक्सेलमध्ये अशा ओळी शोधायला पाच मिनिटं लागतात. दोन बाजारांत माल पोचण्यात एखाद्या दिवसाचं अंतर पडतं, म्हणून रोजच्या भावांपेक्षा आठवड्याची सरासरी घेणं सोयीचं.

तुलनेला कोण?

‘परिणाम’ हा शब्द वापरला की एक जबाबदारी येते: ती गोष्ट घडली नसती तर काय झालं असतं, हे दाखवण्याची. तसं जग आपल्याला कधीच दिसत नाही. म्हणून त्याच्या जवळ जाणारं दुसरं काहीतरी शोधावं लागतं, आणि अर्थशास्त्रातल्या पद्धतींचा मोठा भाग याच शोधासाठी आहे.

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण अमेरिकेतलं आहे. न्यू जर्सी राज्यानं १ एप्रिल १९९२ रोजी किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते वाढलं नाही. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी वाढीच्या आधी आणि नंतर, न्यू जर्सी आणि पूर्व पेनसिल्व्हेनियातल्या मिळून ४१० फास्ट फूड दुकानांची पाहणी केली. त्यांचा तक्ता चार चौकटींचा आहे. न्यू जर्सीत दर दुकानामागे पूर्णवेळ कामगारांच्या हिशेबानं सरासरी २०.४४ माणसं होती, ती २१.०३ झाली. पेनसिल्व्हेनियात २३.३३ होती, ती २१.१७ झाली. एकीकडे अर्ध्याहून थोडी जास्त वाढ, दुसरीकडे दोनाहून जास्त घट. दोन फरकांतला फरक सुमारे पावणेतीन माणसांचा. वेतन वाढल्यावर नोकऱ्या घटतील या पाठ्यपुस्तकी अपेक्षेला या चार चौकटींनी धक्का दिला. १९९४ साली हा निबंध छापून आला, त्यावर पुढे बरीच वर्षं वाद झाले, आणि कार्ड यांना २०२१ साली नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

पद्धतीचं नाव ‘डिफरन्स इन डिफरन्सेस’. नाव लांबलचक असलं तरी हिशेब तीन वजाबाक्यांचा आहे. तिचा सगळा भार एका गृहीतावर असतो: वेतन वाढलं नसतं तर दोन्ही ठिकाणचा कल सारखाच चालला असता. म्हणून ही पद्धत वापरणाऱ्या विद्यार्थ्यानं घटनेच्या आधीच्या काही वर्षांचा आलेख काढून दाखवायला हवा. आधीच्या वर्षांतच दोन रेषा वेगळ्या दिशांना जात असतील, तर पद्धत तिथे बसत नाही आणि तसं मान्य करून दुसरी वाट धरावी.

आपल्याकडे या बाबतीत सर्वाधिक घोटाळा बचत गटांच्या अभ्यासात होतो. गटातल्या शंभर महिला आणि गटात नसलेल्या शंभर महिला घेतल्या, गटातल्यांचं उत्पन्न जास्त निघालं, निष्कर्ष लिहिला: बचत गटांमुळे उत्पन्न वाढलं. पण गटात कोण जातं? जिला घरातून बाहेर पडायची मुभा आहे, दरमहा थोडी तरी शिल्लक टाकता येते, जिला लिहिता-वाचता येतं, अशी बाई गटात जाण्याची शक्यता जास्त. ती गटात गेली नसती तरी तिचं उत्पन्न जास्तच असतं कदाचित. यावर साध्या खर्चात करता येणारा एक उपाय आहे. तीन-चार वर्षं जुन्या गटांतल्या महिलांची तुलना नुकत्याच स्थापन झालेल्या गटांतल्या महिलांशी करायची. दोघींनीही गटात यायचं ठरवलेलं आहे, फरक फक्त किती काळ गटात आहेत एवढाच. यातही एक खाच आहे: जुन्या गटांतून मधल्या काळात ज्या बाहेर पडल्या त्या यादीत दिसत नाहीत, आणि बहुधा हप्ते न झेपल्यामुळेच त्या गेलेल्या असतात. म्हणून जुन्या गटाची पहिल्या वर्षाची इतिवृत्त वही मागा आणि तेव्हाच्या नावांतूनच नमुना काढा. सोडून गेलेल्या बाईला शोधायला एक फेरी जास्त पडेल, पण त्या एका फेरीनं निष्कर्षाला वजन येतं.

तयार आकडे वापरायचे असतील तर

चार-पाच महिन्यांच्या कामात सरकारी सर्वेक्षणांची कच्ची सामग्री वापरणं हा बहुतेकांसाठी चांगला मार्ग आहे. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी पुण्याच्या गोखले संस्थेत १९७१ साली भारतातल्या दारिद्र्यावर जे काम केलं, ते राष्ट्रीय नमुना पाहणीच्या खर्चाच्या आकड्यांवर उभं होतं. दिवसाला माणशी २,२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च किती लोकांना परवडतो, हा प्रश्न त्यांनी त्या आकड्यांना विचारला. रिकामा तक्ता म्हणजे काय ते या प्रश्नात लगेच दिसतं: खर्चाचे गट, प्रत्येक गटातल्या माणसांची संख्या, आणि त्या गटाला मिळणारे उष्मांक.

आज नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण, घरगुती खर्च सर्वेक्षण यांच्या एकेका कुटुंबाच्या पातळीवरच्या फाइली सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. फाइल उघडण्याआधी तिच्यासोबतची संकल्पना आणि व्याख्यांची पुस्तिका पूर्ण वाचावी. ‘बेरोजगार’ हा शब्दच घ्या. ‘सामान्य स्थिती’ गेल्या ३६५ दिवसांतल्या बराच काळ चाललेल्या कामावरून ठरते. ‘चालू साप्ताहिक स्थिती’त गेल्या ७ दिवसांत एक तास जरी काम केलं असेल तरी माणूस रोजगारात धरला जातो. एका प्रकरणात एक व्याख्या आणि दुसऱ्या प्रकरणात दुसरी वापरली, तर निघालेली वाढ किंवा घट ही निव्वळ व्याख्येतली असते.

इथली सर्वांत महाग चूक म्हणजे गुणक विसरणं. सर्वेक्षणात प्रत्येक कुटुंब लोकसंख्येतल्या किती कुटुंबांच्या वतीनं बोलतं, ते या आकड्यात असतं. कोणाचा गुणक काही शे, कोणाचा काही हजार. गुणक न लावता सरासरी काढली तर ती पाहणी झालेल्या कुटुंबांची सरासरी होते, महाराष्ट्राची होत नाही. गुणक बरोबर लावला की नाही हे तपासायची सोपी रीत अशी: सरकारी अहवालात छापलेला एखादा आकडा, समजा राज्याचा ग्रामीण महिला श्रम सहभाग दर, आपल्या फाइलीतून स्वतः काढा. दशांश चिन्हापर्यंत जुळला तर पुढे जा. जुळला नाही तर तो जुळेपर्यंत दुसरं काहीही करू नका. आणि २०१७ ते २०२४ या काळातल्या श्रमबल फाइलींतून एकट्या जिल्ह्याचे दर काढण्याच्या फंदात पडू नका. तो नमुना जिल्ह्यासाठी आखलेलाच नव्हता, आणि एका जिल्ह्यात सापडणारी कुटुंबं मोजकी असतात.

काळानुसार बदलणाऱ्या आकड्यांबद्दल एकच इशारा, पण महत्त्वाचा. वर्षागणिक वाढत जाणाऱ्या कोणत्याही दोन गोष्टी घेतल्या, उदाहरणार्थ बँक ठेवी आणि मोबाइल जोडण्या, तरी त्यांच्यात झकास संबंध दिसतो. क्लाइव्ह ग्रेंजर आणि पॉल न्यूबोल्ड यांनी १९७४ साली दाखवून दिलं की अशा मालिकांचं रिग्रेशन केलं, म्हणजे एकीवरून दुसरीचा अंदाज बांधणारी रेषा बसवली, तर रेषा किती चपखल बसली ते सांगणारा आर-वर्ग मोठा येतो, संबंध योगायोगाचा नाही असं सुचवणारं टी-मूल्यही घसघशीत येतं, आणि त्याला अर्थ काहीच नसतो. म्हणून आधी मालिका भरकटत जाणारी आहे का हे बघणारी युनिट रूटची चाचणी, आणि गरज पडल्यास मूळ आकड्यांऐवजी एका काळातून दुसऱ्या काळातला बदल घेणं.

स्वतः माहिती गोळा करताना

‘नमुना किती घ्यायचा?’ हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो. ३८४ हा आकडा ऐकलेला असतो, पण तो येतो कुठून ते माहीत नसतं. ९५ टक्के विश्वासपातळीसाठी १.९६ चा वर्ग करा, म्हणजे ३.८४. त्याला ०.५ गुणिले ०.५, म्हणजे ०.२५ नं गुणा. मग पाच टक्के चुकीच्या मर्यादेचा वर्ग, ०.००२५, यानं भागा. उत्तर ३८४.१६. याचा अर्थ एवढाच: यादृच्छिक पद्धतीनं, म्हणजे चिठ्ठ्या टाकून, काढलेल्या ३८४ जणांपैकी ४० टक्के जण ‘हो’ म्हणाले, तर खरा आकडा बहुधा ३५ ते ४५ च्या दरम्यान आहे. शंभर जण घेतले तर मर्यादा जवळजवळ दहा टक्क्यांवर जाते. ती तीन टक्क्यांवर आणायची तर १,०६८ जण लागतात.

एकूण लोकसंख्या लहान असेल तर आकडा कमी होतो. तालुक्यातल्या गटांच्या सदस्य १,२०० असतील, तर ३८४ ला १ अधिक ३८३ भागिले १,२०० यानं भागायचं. २९२ पुरतात. लोकसंख्या एक लाख असेल तर ३८३. म्हणजे एका मर्यादेनंतर लोकसंख्या कितीही वाढली तरी नमुना वाढवायची गरज पडत नाही.

हा सगळा हिशेब यादीतून चिठ्ठ्या टाकून नावं काढली असतील तरच लागू होतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत गूगल फॉर्म फिरवून ३८४ उत्तरं जमवली, तर पाच टक्क्यांची मर्यादा सांगायचा अधिकार उरत नाही. उत्तरं आपल्याच वयाच्या, आपल्याच शहरातल्या, आपल्याच ओळखीतल्या लोकांची असतात. त्यामुळे सर्वांत आधी यादी मिळवा. बचत गटांसाठी उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या तालुका कक्षाकडे किंवा महिला आर्थिक विकास महामंडळाकडे (माविम), दुकानांसाठी नगरपालिकेच्या परवाना विभागाकडे महाविद्यालयाचं पत्र घेऊन जावं लागतं, आणि यादी मिळायला दोन-तीन आठवडे जातात. घराला कुलूप, स्थलांतर, नकार हे सगळं धरून दहा टक्के नावं जास्त काढा. कुलूप असलेल्या घरी किमान दोनदा परत जा. शेजारच्या घरी जाऊन आकडा भरला, तर दिवसभर घरी असणाऱ्यांचाच नमुना तयार होतो, आणि मजुरीला गेलेली बाई नेमकी गळते.

गावंच आधी निवडली असतील तर आणखी एक कात्री लागते. वीस गावं, प्रत्येकी वीस घरं, एकूण चारशे. पण एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात: तेच पाणी, तीच बँक, तीच दूध डेअरी. गावातल्या घरांमधला हा सारखेपणा, ज्याला अंतर्गत सहसंबंध म्हणतात, फक्त ०.०५ असला तरी १ अधिक १९ गुणिले ०.०५, म्हणजे १.९५ नं चारशेला भागावं लागतं. हाती उरते २०५ घरांएवढी माहिती. म्हणून कमी गावांत जास्त घरं घेण्यापेक्षा जास्त गावांत कमी घरं घेणं केव्हाही चांगलं. एसटीचं भाडं मात्र वाढतं, ते आधीच धरून चला.

प्रश्न विचारण्याची कला

‘तुमचं वार्षिक उत्पन्न किती?’ या प्रश्नाला शेतकऱ्याच्या घरात खरं उत्तर मिळत नाही. लपवाछपवी हे एक कारण. पण मोठं कारण असं की असा वर्षाचा एकगठ्ठा आकडा कोणाच्या डोक्यात नसतोच. तो आपण बांधायचा असतो. किती गुंठे कांदा होता? किती गोण्या निघाल्या? एका गोणीचं वजन किती? किती विकल्या, कोणत्या महिन्यात, काय भावानं? पट्टीत हमाली-तोलाई किती कापली? दूध दिवसाला किती लिटर, डेअरीचा दर काय, पशुखाद्याचे पैसे कापून हातात किती? मजुरीचे दिवस किती आणि रोज काय? असं विचारलं की वीस मिनिटांत वर्ष उभं राहतं. चाळीस गुंठ्यांचा एकर हा हिशेब आपण नंतर करायचा. विचारताना त्यांच्याच मापात विचारायचं. ‘गेल्या बारा महिन्यांत’ म्हणण्यापेक्षा ‘गेल्या पाडव्यापासून या पाडव्यापर्यंत’ म्हटलं की आठवण पक्की होते. किराण्याचा खर्च मात्र वर्षाचा विचारू नये, तो आठवड्याचा किंवा महिन्याचाच नीट आठवतो.

दुसरा नमुना बघा: ‘बचत गटामुळे तुमचं उत्पन्न आणि आत्मविश्वास वाढला का?’ यात दोन प्रश्न एकत्र आहेत. ‘मुळे’ या शब्दात उत्तर आधीच देऊन ठेवलंय. आणि ‘आत्मविश्वास’ म्हणजे काय हे प्रत्येकीनं आपापलं ठरवायचं आहे. त्याऐवजी: ‘गेल्या तीस दिवसांत कोणालाही न विचारता तुम्ही कशावर खर्च केला?’ ‘बँकेत शेवटचं एकट्या कधी गेलात?’ ही उत्तरं मोजता येतात. आणि गटाच्या अध्यक्ष शेजारी बसलेल्या असताना हे प्रश्न विचारू नयेत. तिथे तक्रार कोणी करणार नाही.

पाच पायऱ्यांच्या ‘पूर्णपणे सहमत ते पूर्णपणे असहमत’ मोजपट्टीचा वापर एम.बी.ए.च्या प्रकल्पांत अतोनात होतो. रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली ती मांडली तेव्हा एकाच वृत्तीबद्दलची अनेक विधानं मिळून गुण काढायचे अशी कल्पना होती. एकेका विधानाची सरासरी ३.८७ काढून त्यावर परिच्छेद लिहिणं हा तिचा गैरवापर आहे. विधानं एकमेकांशी जुळतात का, हे क्रोनबाख अल्फावरून बघतात, ०.७० च्या वर असला तर साधारण चालतो. अल्फा अचानक ०.३ वर आला तर घाबरण्याआधी एक गोष्ट तपासा: उलट अर्थाच्या विधानांचे गुण उलटे करायचे राहिलेत का? बहुतेक वेळा तेच असतं.

प्रश्नावली इंग्रजीत लिहून मग मराठीत आणू नका. मराठीतच लिहा, दहा-पंधरा जणांवर चालवून बघा, आणि ज्या प्रश्नाला समोरचा माणूस ‘म्हणजे?’ असं विचारतो तो बदला. हे दहा-पंधरा जण अंतिम नमुन्यात धरायचे नाहीत. फोन नंबर आणि आधार क्रमांक घेऊ नका. नावाऐवजी संकेतांक ठेवा, नावांची यादी वेगळ्या फाइलीत ठेवा, आणि मुलाखतीआधी माहिती कशासाठी हवी ते सांगून संमती घ्या.

फाइल आणि हिशेब

मूळ फाइलीला हात लावायचा नाही. तिची प्रत काढून काम करायचं आणि प्रत्येक पायरी आर किंवा स्टाटा या सांख्यिकी सॉफ्टवेअरच्या लिहिलेल्या सूचनांत ठेवायची, म्हणजे सहा महिन्यांनीही तोच आकडा पुन्हा निघतो. आर फुकट आहे, आणि लघुप्रबंधाला लागणारं सगळं त्यात होतं.

लिहिलेल्या सूचना का हव्यात, याचा दाखला मोठ्या माणसांच्या कामातून मिळतो. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी २०१० साली मांडलं होतं की सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांचा सरासरी वाढीचा दर उणे ०.१ टक्का होता. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात, अ‍ॅमहर्स्ट इथे शिकणाऱ्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्यानं अर्थमितीच्या एका कोर्सचा गृहपाठ म्हणून तो आकडा पुन्हा काढून पाहिला. तो जुळेना. मूळ एक्सेल फाइल मिळाल्यावर दिसलं की सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी सुटल्या होत्या. शिवाय काही देशांची काही वर्षं वगळली होती आणि देशांना वजन देण्याची रीतही वादाची होती. आपल्या दोन प्राध्यापकांसोबत २०१३ साली त्यानं दुरुस्त आकडा मांडला: अधिक २.२ टक्के. छापलेल्या निबंधाचा हिशेब पुन्हा करून बघणं, आणि मग त्यात महाराष्ट्राचे किंवा नव्या वर्षांचे आकडे घालणं, हा एम.ए.साठी उत्तम विषय आहे. आपल्याकडे तो फार कमी जण निवडतात, याचं वाईट वाटतं.

निकाल वाचताना

रिग्रेशनचा तक्ता आला की नजर पी-मूल्य लहान असल्याची खूण करणाऱ्या तारकांकडे जाते. आधी सहगुणक वाचा, म्हणजे एक गोष्ट एका एककानं वाढली की दुसरी किती बदलते ते. मजुरीचा लॉग घेतला असेल आणि शिक्षणाच्या एका वर्षाचा सहगुणक ०.०८ आला, तर एका जादा वर्षामागे मजुरी सुमारे ८ टक्के जास्त. हे वाक्य रुपयांत सांगता आलं पाहिजे: दिवसाची मजुरी ४०० रुपये असेल तर ३२ रुपये. फरक सिद्ध झाला तरी तो दोन रुपयांचा असेल, तर धोरणाच्या दृष्टीनं त्यात काय आहे?

पी-मूल्य ०.०३ म्हणजे गृहीतक खरं असण्याची शक्यता ९७ टक्के, असं अनेक प्रबंधांत लिहिलेलं असतं. ते चूक आहे. अर्थ असा: प्रत्यक्षात काहीच संबंध नसता, तरी निव्वळ योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता शंभरात तीन. आणि मूल्य मोठं आलं तर ‘शून्य गृहीतक’, म्हणजे काहीच संबंध नाही हे विधान, ‘सिद्ध झालं’ म्हणू नका. ‘नाकारता आलं नाही’ एवढंच म्हणा, कारण नमुना लहान असल्यामुळेही तसं होतं. वीस वेगवेगळ्या चाचण्या केल्या आणि खरा संबंध कुठेच नसला, तरी किमान एक तरी ‘सार्थ’, म्हणजे पी-मूल्य ०.०५ च्या खाली असलेली, निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. म्हणूनच रिकामे तक्ते आधी आखून, तारीख घालून मार्गदर्शकांना मेल करून ठेवावेत. नंतर जे सापडलं ते ‘शोध घेताना आढळलं’ असं वेगळं लिहावं.

मागील संशोधनाच्या आढाव्यालाही तक्त्याचीच रीत लावा. शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर आणि नियतकालिकांत मिळालेल्या वीस-पंचवीस निबंधांसाठी प्रत्येकी एक ओळ: प्रश्न, सामग्री, काळ, तुलना कोणाशी, निष्कर्ष. तुलनेचा स्तंभ बघितला की कोणाचा निष्कर्ष किती धरायचा ते कळतं, आणि ‘अमुक यांच्या मते, तमुक यांच्या मते’ अशी माळ ओवायची वेळ येत नाही.

पद्धतीचं प्रकरण लिहिताना ‘संशोधन म्हणजे काय’ याच्या व्याख्या उतरवू नका. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टक्केवारी चढते ती बरेचदा याच पानांवर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. १० ते ४० टक्के निघालं तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त प्रत द्यावी लागते. ४० ते ६० टक्क्यांना दुरुस्त प्रत देण्यावर एक वर्ष बंदी. ६० च्या पुढे नोंदणीच रद्द. त्या पानांवर त्याऐवजी हे लिहा: यादी कुठून मिळाली, किती नावं काढली, किती घरी कुलूप होतं, किती जणांनी नकार दिला, किती प्रश्नावल्या अर्धवट म्हणून बाजूला ठेवल्या आणि का, कोणत्या तारखांना कोणत्या गावात गेलात. हे दोन पानं भरतं, आणि ते कुठूनही उतरवता येत नाही.